जादूगारांचे गुरुजी : डाय व्हर्नन (जीवन परिचय)



आपण या पानावर नेहमी शास्त्रज्ञ, समाजसुधारक, खेळाडू यांचे जीवन परिचय वाचतो. आज ज्यांच्याबद्दल लिहितेय ते यांपैकी कोणीच नव्हते. त्यांनी आयुष्यभर पत्त्यांची जादू केली. हो, आपल्या घरात सुट्टीत सात-आठ आणि बदामसात खेळतो तेच बावन्न पत्ते! जगभरातले जादूगार त्यांना आदराने प्रोफेसर म्हणायचे. त्यांचं नाव डाय व्हर्नन.

हा विषय निवडण्यामागे माझी एक चूक आहे. ती आधी सांगते.

माझी चूक

मागच्या वर्षी चौथीच्या वर्गात शनिवारी दप्तरमुक्त तासाला मी पत्त्यांची एक जादू करून दाखवली. खेळ अगदी सोपा दिसणारा. मुलाने एक पत्ता निवडायचा, सगळ्यांनी तो बघायचा, मग तो कॅटच्या मधोमध घालायचा. टिचकी वाजवली की तोच पत्ता सगळ्यात वर! पुन्हा मध्ये घाला, पुन्हा वर. इंग्रजीत या खेळाला जे नाव आहे त्याचा अर्थ होतो महत्त्वाकांक्षी पत्ता. कितीही खाली दाबा, वर येणारच.

पहिल्या वेळी मुलांनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या वेळी मागच्या बाकावरचा एक मुलगा उठून म्हणाला की बाईंकडे एकसारखे दोन पत्ते आहेत. वर्ग हसला. मला राग आला. मी त्याला खाली बसवलं, मध्ये मध्ये बोलू नकोस म्हटलं आणि खेळ गुंडाळला. पुढचे काही दिवस तो गणिताच्या तासालाही हात वर करेना. एरवी सर्वांत जास्त प्रश्न विचारणारा हाच मुलगा.

नंतर डाय व्हर्नन यांच्याबद्दल वाचलं, तेव्हा लक्षात आलं की शंभर वर्षांपूर्वी याच खेळात, जवळजवळ हीच शंका, जगातल्या सर्वांत प्रसिद्ध जादूगाराने घेतली होती. आणि व्हर्नननी त्याला खाली बसवलं नव्हतं.

बालपण आणि शिक्षण

डाय व्हर्नन यांचा जन्म 11 जून 1894 रोजी कॅनडाची राजधानी ओटावा येथे झाला. मूळ नाव डेव्हिड फ्रेडरिक विंगफिल्ड व्हर्नर. वडील सरकारी नोकरीत होते आणि त्यांना हौशी जादूची आवड होती. छोट्या डेव्हिडला पहिली जादू वडिलांनीच शिकवली. तेव्हा तो सात वर्षांचा होता. पुढे म्हातारपणी ते गमतीने सांगायचे की आयुष्यातली पहिली सहा वर्षं मी उगीच वाया घालवली.

1902 मध्ये अमेरिकेत पत्त्यांच्या हातचलाखीवर एक पुस्तक निघालं. लेखकाचं नाव एस. डब्ल्यू. अर्डनेस असं छापलेलं होतं. पण हे टोपणनाव. त्यामागचा खरा माणूस कोण, याचा वाद आजही मिटलेला नाही. पुस्तक अवघड होतं. त्यात जुगारी लोक पत्ते कसे पिसतात, कसे काटतात, कसे वाटतात याचं बारीक वर्णन होतं. डेव्हिडच्या हाती ते लहानपणीच लागलं आणि त्याने त्याची अक्षरशः पारायणं केली. आपल्याकडे एखादा मुलगा पाढे म्हणतो तशी त्याला त्यातली पानं पाठ होती.

पुढे किंग्स्टन इथल्या रॉयल मिलिटरी कॉलेजमध्ये त्यांनी अभियांत्रिकीचं शिक्षण घेतलं. पण मन रमलं ते पत्त्यांतच. तरुणपणी ते न्यूयॉर्कला आले. तिथे नावही बदललं. वर्तमानपत्राच्या छपाईत डेव्हिडचं डाय झालं असं सांगतात. आणि त्या काळात व्हर्नन कॅसल नावाचा नर्तक इतका लोकप्रिय होता की लोक व्हर्नरऐवजी व्हर्ननच म्हणू लागले. त्यांनीही दुरुस्त करत बसण्यापेक्षा तेच नाव घेतलं.

कात्री आणि काळा कागद

जादूवर पोट भरणं सोपं नव्हतं. व्हर्नन यांनी पोटासाठी एक वेगळीच कला धरली. समोर बसलेल्या माणसाचा चेहरा बाजूने बघायचा आणि काळ्या कागदातून कात्रीने त्याची सावलीसारखी आकृती कापून द्यायची. आधी पेन्सिलने रेघ मारायची नाही, थेट कात्री. न्यूयॉर्कजवळच्या कोनी आयलंड या जत्रेसारख्या गजबजलेल्या ठिकाणी त्यांनी हे काम केलं, आणि पुढे कितीतरी वर्षं ते याच कामावर गावोगाव फिरले.

मला वाटतं, या कामाने त्यांना जादूसाठी लागणारी एक मोठी गोष्ट शिकवली असेल. ती म्हणजे समोरच्या माणसाकडे नीट बघणं. आपण कातरकामाच्या तासाला मुलांचं लक्ष कागदावर आणतो. व्हर्नन यांचं लक्ष आधी माणसावर असे, मग कागदावर.

1922 : शिकागोतली ती संध्याकाळ

आता मुख्य प्रसंग. 1922 च्या फेब्रुवारी महिन्यात शिकागो शहरातल्या ग्रेट नॉर्दर्न हॉटेलमध्ये जादूगारांचा मेळा जमला होता. सत्कारमूर्ती होते हॅरी हुडिनी. हातकड्या, साखळ्या, कुलूपबंद पेट्या यांतून सुटून दाखवणारे हुडिनी तेव्हा जगप्रसिद्ध होते. सुरुवातीच्या काळात तर ते स्वतःला पत्त्यांचा राजा म्हणवून घेत. त्यांचा एक दावा होता. कोणतीही जादू मला तीन वेळा दाखवा, ती कशी केली ते मी सांगेन.

व्हर्नन तेव्हा 27 वर्षांचे, फारसं नाव नसलेले. त्यांनी हुडिनींना कॅटमधून एक पत्ता घ्यायला सांगितला आणि त्यावर सही करायला लावली. हुडिनींनी शाईने आपली आद्याक्षरं लिहिली, एच. एच. व्हर्नन यांनी तो पत्ता सगळ्यांच्या देखत वरून दुसरा म्हणून ठेवला. मग वरचा पत्ता उलटला. सहीचा पत्ता वर!

हुडिनींनी शंका काढली. व्हर्नन यांनी पुन्हा केलं. दुसरी शंका. पुन्हा केलं. तीन वेळा झालं, चार वेळा झालं, हुडिनी अंदाज बांधत राहिले आणि प्रत्येक अंदाज चुकत राहिला. असं सात वेळा झालं असं सांगितलं जातं. शेवटी हुडिनींना उत्तर देता आलं नाही. तेव्हापासून व्हर्नन यांची ओळख झाली, हुडिनीला चकवणारा माणूस.

हा प्रसंग वाचताना मी थांबले ती सहीपाशी. पत्त्यावर सही का? तर एकसारखे दोन पत्ते आहेत, ही शंका कोणाच्याही मनात पहिली येणार म्हणून! माझ्या चौथीच्या मुलाला जे सुचलं तेच. फरक एवढाच की व्हर्नन यांनी ती शंका प्रेक्षकाच्या तोंडून येण्याआधीच ओळखली आणि तिचं उत्तर खेळातच ठेवलं. शंका घेणारा माणूस त्यांच्यासाठी खेळ बिघडवणारा नव्हता. त्याच्यामुळेच खेळ घडत होता.

दुसरी गोष्ट बघा. एकच जादू त्याच लोकांना पुन्हा करून दाखवू नये, हा जादूगारांचा जुना नियम. महत्त्वाकांक्षी पत्त्याचा खेळ मात्र उभाच राहतो पुन्हा पुन्हा करण्यावर. मग तो टिकतो कसा? प्रत्येक वेळी प्रेक्षकाच्या मनातली एक वाट बंद होते म्हणून. दोन सारखे पत्ते असतील? सही आहे. मध्ये घातलाच नसेल? डोळ्यांसमोर घातला. अशा एकेक वाटा बंद होत गेल्या की शेवटी उरतं ते निखळ आश्चर्य. आपण विज्ञानात अंदाज बांधणे, पडताळणे, चुकला तर सोडून देणे असं जे शिकवतो, ते हेच नाही का?

साधेपणाचा आग्रह

व्हर्नन यांनी नवे खेळ रचले आणि जुने खेळ घासूनपुसून लखलखीत केले. त्यांच्या सांगण्यातल्या दोन गोष्टी जादूगार आजही एकमेकांना सांगतात.

पहिली, सहजता. जादू करताना हात तसेच हलले पाहिजेत जसे जादू करत नसताना हलतात. कॅट उचलायचा तर माणूस जसा उचलतो तसाच उचलायचा. हात उगीच अवघडला की प्रेक्षकाला कळतं, इथे काहीतरी आहे.

दुसरी, स्पष्टता. गोंधळ म्हणजे जादू नव्हे, असं ते बजावत. प्रेक्षकाला कोणता पत्ता होता, कुठे ठेवला, हेच आठवेनासं झालं तर त्याला आश्चर्य वाटत नाही, त्याचं डोकं दुखतं. आधी काय होतं आणि आता काय झालं, हे लहान मुलालाही एका वाक्यात सांगता आलं पाहिजे. 1940 च्या दशकात त्यांचा एक खेळ छापला गेला, नाव ट्रायम्फ, म्हणजे विजय. त्यात अर्धे पत्ते सुलटे आणि अर्धे उलटे असे एकमेकांत पिसले जातात, सगळा घोळ होतो. आणि क्षणात सगळे पत्ते एका दिशेला, उलटा फक्त प्रेक्षकाने निवडलेला एक! कोणालाही समजावून सांगता येईल असा शेवट.

आणखी एका खेळाला त्यांनी नावच दिलं होतं, समजावून सांगता न येणारी जादू. यात एक पत्ता आधीच ठरवून ठेवायचा. मग प्रेक्षक पत्ते पिसतो, काटतो, आणि त्याने जे केलं असेल त्यावरून जादूगार त्या क्षणी पुढची वाट ठरवतो. खेळ दर वेळी वेगळा होतो. आपण पाठ टाचणात एक लिहितो आणि वर्गातला एखादा प्रश्न पाठाला भलतीकडेच नेतो, तेव्हा चांगला शिक्षक काय करतो? तेच.

चाळिशीच्या उंबरठ्यावरचा विद्यार्थी

1932 मध्ये अमेरिकेत मोठी मंदी होती. व्हर्नन तेव्हा कॅन्सस राज्यातल्या विचिटा शहरात कागदी आकृत्या कापून गुजराण करत होते. तिथल्या तुरुंगातल्या एका मेक्सिकन जुगाऱ्याकडून त्यांना कळलं की कॅटच्या मधून पत्ता वाटणारा एक माणूस आहे. वरून वाटल्यासारखं दिसतं, पण पत्ता येतो मधला! हे अशक्यच, असं जाणकार मानत.

व्हर्नन त्या माणसाच्या शोधात निघाले. हातात पैसा नाही, पत्ता ठाऊक नाही. शेवटी मिसुरी राज्यातल्या प्लेझंट हिल या छोट्या गावात तो सापडला. नाव अ‍ॅलन केनेडी. अडतिशीला आलेला, हुडिनीला चकवणारा माणूस एका अनोळखी जुगाऱ्यासमोर विद्यार्थी होऊन बसला. त्यांना जुगारात पैसा कमवायचा नव्हता, ते कसब बघायचं होतं.

इथे पालकांसाठी थोडं थांबते. माझ्या खेळानंतर एका पालकांनी विचारलं होतं की शाळेत पत्ते कशाला? प्रश्न रास्त आहे. पत्त्यांमुळे घरं बुडालेली आपण गावात बघतो. पण व्हर्नन यांनी जुगाऱ्यांकडून हातचलाखी घेतली आणि लोकांना आनंद देण्यासाठी वापरली. शिवाय ज्याने एकदा हातचलाखी जवळून पाहिली, तो मुलगा पुढे पैसे लावून पत्ते खेळायला बसताना दहा वेळा विचार करेल, असं मला वाटतं.

उणी बाजू आणि मोठा अपघात

जीवन परिचय लिहिताना आपण बऱ्याचदा फक्त गुण लिहितो. तसं करणं बरोबर नाही. व्हर्नन यांनी 1924 मध्ये जीन यांच्याशी लग्न केलं. त्यांना दोन मुलगे झाले. पण पत्त्यांच्या नादात त्यांनी कोणतीही नोकरी नीट धरली नाही. घर सोडून ते दूर दूर फिरत राहिले आणि संसाराचा मोठा भार जीन यांच्यावर पडला. एखाद्या गोष्टीचं वेड माणसाला मोठं करतं, पण त्याची किंमत कधीकधी घरातलं दुसरंच कोणी मोजतं. हे मुलांना नसलं, तरी आपल्याला ठाऊक असावं.

1941 मध्ये ते न्यूयॉर्कच्या ईस्ट रिव्हर नदीकाठी एका बांधकामावर काम करत होते. तिथून ते खाली नदीत कोसळले. दोन्ही हात मोडले. ज्याचं सगळं आयुष्य बोटांवर उभं, त्याचे हात! पण ते बरे झाले आणि पुन्हा पत्ते पिसू लागले. पुढची पन्नास वर्षं.

सोफ्यावरची शाळा

1955 मध्ये त्यांनी इंग्लंडमध्ये जादूगारांसाठी व्याख्यानं दिली. लुईस गॅन्सन या लेखकाने त्यांच्या खेळांची पुस्तकं लिहिली. 1963 मध्ये हॉलिवूडमधल्या एका जुन्या वाड्यात मॅजिक कॅसल नावाचा जादूगारांचा क्लब सुरू झाला आणि व्हर्नन तिथे राहायला गेले. वय 69. आपल्याकडे या वयात लोक सेवानिवृत्त होऊन दहा वर्षं झालेली असतात. व्हर्नन यांची खरी शाळा तेव्हा सुरू झाली. तिथल्या सोफ्यावर ते बसायचे, तरुण जादूगार भोवती जमायचे, खेळ करून दाखवायचे, आणि प्रोफेसर चुका सांगायचे. हे जवळजवळ तीन दशकं चाललं. एका मासिकात त्यांनी 1968 पासून वीसहून अधिक वर्षं सदरही लिहिलं.

त्यांचा एक शिष्य आपल्याला विशेष जवळचा वाटेल. पर्सी डायकोनिस. हा मुलगा 14 व्या वर्षी न्यूयॉर्कमधलं घर सोडून व्हर्नन यांच्याबरोबर जादू शिकत फिरला. पत्त्यांतल्या संभाव्यतेचे प्रश्न पडू लागले म्हणून पुन्हा शिकायला गेला, हार्वर्डमधून पीएच.डी. झाला आणि नामवंत गणिती बनला. त्यांनी डेव्ह बेयर यांच्यासह दाखवून दिलं की कॅटचे दोन भाग करून एकमेकांत सोडत पिसायचे, तर 52 पत्ते नीट मिसळायला साधारण 7 वेळा पिसावं लागतं. हा शोधनिबंध 1992 मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी, 21 ऑगस्ट 1992 रोजी, वयाच्या 98 व्या वर्षी डाय व्हर्नन यांचं कॅलिफोर्नियात निधन झालं.

वर्गात करून बघताना

हा खेळ करायचा असेल तर गुपित मी इथे लिहिणार नाही, ते जादूगारांचं ठेवणं आहे. पण सादरीकरण सुधारायला व्हर्नन यांच्या जीवनातून मला एवढं मिळालं:

1. पत्त्यावर मुलाची सही घ्या. मुलांना सही करायला आवडतं आणि पहिली शंका तिथेच मिटते.
2. पत्ता सगळ्यांना, मागच्या बाकापर्यंत दाखवा. नाव मोठ्याने म्हणून घ्या. किलवरची सत्ती म्हणजे काय हे ठाऊक नसलेली मुलं असतात, त्यांना आधी इस्पिक, बदाम, चौकट, किलवर सांगा.
3. घाई नको. पत्ता मध्ये घातला की क्षणभर थांबा. मुलांना तो खाली गेला असं खरंच वाटू द्या.
4. मुलांचे अंदाज फळ्यावर लिहा. पुढच्या वेळी त्यातला एक खोडून दाखवा.
5. तीन-चार वेळांनंतर थांबा. आपण हुडिनीसमोर बसलेले नाही!

मी हे करून पाहिलं. या वेळी मागच्या बाकावरच्या त्या मुलालाच पुढे बोलावलं. आधी सगळ्यांसमोर सांगितलं की मागच्या वेळी त्याची शंका चांगली होती आणि मी त्याला गप्प केलं ते चुकलं. त्याने बदामाच्या चौकीवर आपलं नाव लिहिलं, अगदी पूर्ण, आडनावासकट. पत्ता मध्ये गेला, वर आला. त्याने नाव तपासलं, कोपरा नखाने खरवडून पाहिला. दुसऱ्यांदा वर आला. तिसऱ्यांदा मात्र तो माझ्या चेहऱ्याकडे न बघता फक्त हातांकडे बघत राहिला, आणि मग माझ्या कानात येऊन काहीतरी सांगितलं.

त्याचं बरोबर होतं. माझा हात कुठेतरी अवघडला असणार. मी वर्गाला सांगितलं की याने ओळखलं. मग त्याला विचारलं, गुपित सांभाळशील का? त्याने मान हलवली. तो पत्ता त्याने मागून घेतला. सध्या तो एक्कावन्न पत्त्यांचा कॅट माझ्या कपाटात आहे, आणि मधल्या सुट्टीत तो मुलगा सरावासाठी मागायला येतो.

तुमच्या वर्गातही असा मागच्या बाकावरून शंका काढणारा कोणी असेल. पुढच्या वेळी त्याला पुढे बोलावून बघा, आणि काय झालं ते मला जरूर कळवा.